भावावरचा निबंध

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरातल्या एका जिल्हा कोर्टात कॉरिन स्टॅम्पर नऊ वर्षं नोंदणीच्या खिडकीवर बसत होती. निकालाची प्रत काढायची, शिक्का मारायचा, पुढच्याला बोलवायचं. एका मंगळवारी हाती आलेल्या निकालावर तिच्याच धाकट्या भावाचं, ड्वाइटचं, नाव होतं. नशेच्या गोळ्या विकल्याबद्दल सात वर्षं. जोडीची बाई रजेवर होती. कॉरिनने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

दोन वर्षांनी, एकतिसाव्या वर्षी, तिने वकिलीच्या तीन कॉलेजांत अर्ज करायचं ठरवलं. प्रवेशपरीक्षेचे गुण बेताचेच होते. अर्जासोबत द्यायचा मुख्य निबंध लिहून झाला, पण त्याखाली दोन ऐच्छिक निबंध होते : आमचंच कॉलेज का, आणि तुम्ही सोसलेलं मोठं संकट.

म्हातारे वकील हॅस्कल कोम्ब्स दुपारी कोर्टासमोरच्या खानावळीत जेवायचे. तिने त्यांनाच गाठलं.

"ऐच्छिकच आहे ना? मग नाही लिहिलं तर?"

"पोरी, सासू 'राहू दे गं' म्हणाली म्हणून भांडी कोण तशीच ठेवतं?" घेवड्यात मक्याचा पाव कुस्करत ते म्हणाले. "तुझे गुण बघ. एवढ्या गर्दीत तुला ओळखणार कोण? भावाचं लिही."

तिने लिहिलं. एका बैठकीत झालं, आणि चांगलं झालं, हेच तिला खुपलं. आई ओपलने वाचून कागद टेबलावर पालथा घातला.

"चर्चमध्ये चार बायकांत मी त्याचं नाव काढत नाही, आणि तू परक्यांना वाटत सुटलीस?"

"मग मी लिहू काय, आई? माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"नाही ना? मग जे नाही ते काय त्याच्याकडून वसूल करणार?"

शनिवारी ती तुरुंगात भेटीला गेली. कागद आत नेऊ देत नसत, म्हणून निबंध तिने तोंडपाठ म्हणून दाखवला. ड्वाइट मान खाली घालून वेफर्स खात ऐकत राहिला.

"झकास आहे," तो म्हणाला. "पण ताई, यात मी एकदाही बोलत नाही गं. नुसता कागदावर येतो आणि तू शिक्का मारतेस."

"काढून टाकू का?"

"मी नको म्हटलं तर जन्मभर म्हणशील, ड्वाइटमुळे राहिलं. पाठव."

तो नाही म्हणाला असता तर ती सुटली असती. या होकाराने ती आणखीच अडकली. रविवारभर ती अर्ज उघडून बसली. निबंध जोडायची, काढायची, पुन्हा जोडायची. शेवटी दोन कॉलेजांना तिने फक्त 'आमचंच कॉलेज का' पाठवला. तिसरं तिला मनापासून हवं होतं. तिथे भावाचा गेला.

एप्रिलमध्ये पहिल्या दोन कॉलेजांचा नकार आला. तिसऱ्याने घेतलं, आणि पत्राखाली कुणीतरी हाताने लिहिलं होतं : तुमच्या भावाबद्दल वाचून आम्ही सगळेच हेलावलो. आईला तिने एवढंच सांगितलं, "घेतलं म्हणतात." ओपलने मान हलवली आणि ती बटाटे सोलत राहिली.

ऑगस्टमध्ये स्वागताच्या दिवशी प्रवेश कार्यालयातल्या बाई छातीवरची नावाची पट्टी वाचून धावतच आल्या, मिठी मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तूच ती! भाऊ कसा आहे गं?"

"बरा आहे," कॉरिन म्हणाली. आजूबाजूच्या पाचसहा नव्या मुलांनी ते ऐकलं, आणि तिचा भाऊ तुरुंगात असल्याचं आठवड्याभरात वर्गभर झालं. त्यानंतर वर्गात शिक्षेचा विषय निघाला की माना हळूच तिच्याकडे वळायच्या. तिने काही बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा असायची, आणि नेमकं तेवढंच तिच्याकडून होत नसे. सोडून जावं म्हटलं तर कोर्टातल्या खिडकीवर दुसरी बाई बसली होती.

ऑक्टोबरात तिने ड्वाइटला पत्र टाकलं : त्या निबंधात तू बोलला असतास, तर काय बोलला असतास?

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, पेन्सिलीने लिहिलेलं. "आता विचारतेस होय, ताई? जाऊ दे. अभ्यास कर."

तिने पत्र पुस्तकात घातलं आणि ती तासाला गेली.