कुळवाची दुसरी पाळी

सासूबाईंच्या गोष्टींची मी यादी केली होती. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली. एकूण तेवीस गोष्टी, प्रत्येकीला क्रमांक. यादी फ्रिजवर लावल्यावर घरात खेळच झाला. अक्कांनी सुरुवात केली की कुणीतरी ओरडायचं, "अक्का, ही अकरा नंबर!" त्याही हसायच्या.

एका सकाळी व्हाइटफील्डच्या ऑफिसला निघायच्या घाईत मी म्हणाले, "सात नंबर ना? झालीय सांगून."

त्यानंतर अक्का गोष्टी सांगेनाशा झाल्या. जेवण, औषध, बरं म्हणायला कानडी "सरी", एवढंच बोलणं. पंधरा दिवस. मी यादी फाडली, माफी मागितली.

"राग नाही गं. तुम्हाला पाठ आहे, मग कशाला?"

पुढच्या आठवड्यात ऑफिसमध्ये प्रेझेंटेशनच्या तालमीची मेल लिहिताना 'रिहर्स' हा इंग्रजी शब्द सहज कोशात पाहिला. जुना अर्थ: सांगितलेलं पुन्हा सांगणं. नाटकाची तालीम हा अर्थ नंतर आला. मूळ जुन्या फ्रेंचमधलं: शेतावरून पुन्हा कुळव फिरवणं. नांगरलेल्या शेतात पुन्हा कशाला जायचं? मी कुळव पाहिलासुद्धा नव्हता. अक्कांच्या वडिलांची, अण्णांची, के. आर. पुरमपलीकडे नाचणीची शेती होती. संध्याकाळी अक्कांनाच विचारलं, कुळव पुन्हा का फिरवतात.

"कुळव काय, आमच्यासारखं कुंटे म्हण की," त्या म्हणाल्या. "नांगरानं ढेकळं निघतात. ती एका पाळीत फुटतात होय? दुसऱ्या पाळीला खालची हरळी वर येते, दगड लागतात."

"मग सात नंबर पुन्हा सांगा."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. खरंच ऐकायचीय."

सात नंबर म्हणजे अण्णांच्या बैलगाडीचं चाक इथल्या, बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजाराला जाताना निखळलं, ती. अक्कांनी जरा आढेवेढे घेतले, मग सुरू झाल्या. बैल, चिखल, नाचणीची पोती, सगळं ओळखीचं. मध्येच म्हणाल्या, "आणि आई ट्रंक घेऊन पोत्यांवर बसलेली."

इतक्या वर्षांत अक्कांची आई त्या गाडीत कधी नव्हती.

"ट्रंक कशाला?"

"अण्णांशी भांडून माहेरी निघाली होती. बाजारापासून बस मिळायची. चाक गेलं, बस चुकली, आली परत."

"अक्का, चाक निखळलं, की अण्णांनी काढलं?"

 अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"अय्यो देवा! हे कधी डोक्यातच आलं नाही माझ्या. स्वल्प थांब. परत पहिल्यापासून सांगते."