मामांची अडलेली ओवी

आमच्या मामेसासऱ्यांइतकं हळू वाचणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात सापडणार नाही, पैज लावा. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. मुक्काम डोंबिवली. लोक सात दिवसांत अख्ख्या पोथीचं पारायण उरकून मोकळे होतात. हे गृहस्थ एकेका ओवीवर महिना महिना ठाण मांडून बसतात. सकाळी आंघोळ करून पोथी उघडायची, एकच ओवी सावकाश मोठ्यानं म्हणायची, पोथीवर हात ठेवून डोळे मिटायचे आणि मग देवाशी सरळ एकेरीवर यायचं. "हे मला सांगतोयस ना? मग एवढं जमवून दे बाबा." तोवर गॅसवरचं दूध उतू गेलेलं असतं, कारण मामी देवळात जाताना दूध यांच्या भरवशावर ठेवून जातात. इतक्या वर्षांत मामींना एवढी अक्कल येऊ नये, याचं मला नवल वाटतं.

मामांचा नियम एकच. वाचलेलं अंगी लागलं पाहिजे. लागेपर्यंत पुढची ओवी नाही. मितभाषणाची ओवी आली तेव्हा त्यांनी बोलणं इतकं कमी केलं, की कवळी टोचत असेल म्हणून मामी त्यांना डेंटिस्टकडे घेऊन गेल्या. डेंटिस्टसमोरही हे गप्पच. अहंकाराची ओवी आली तेव्हा दारावरची 'निवृत्त मुख्य अभियंता' ही पाटी उतरवली. कुरियरवाले जिने चढून-उतरून दमले आणि मामींची औषधं शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन पडू लागली. शेवटी मामींनीच स्टुलावर चढून पाटी परत ठोकली. "अहंकार तुमचा गेला ना? मग माझा पत्ता कशाला घालवता?"

एका श्रावणात सोसायटीच्या हॉलमध्ये पारायण होतं. कुणाला दुर्बुद्धी झाली कोण जाणे, माईक मामांच्या हाती दिला. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग मामा एका ओवीपाशी थांबले ते थांबलेच. त्यांना चक्कर आली असं वाटून कुणी पाणी आणायला धावलं. मामांनी डोळे उघडले आणि माईकवरच विचारलं, "अहो, हे जमतंय का इथं कुणाला? मग आपण पुढे कसे चाललोय?" मागे प्रसादाच्या शिऱ्याचा पार दगड झाला. दुसऱ्या दिवसापासून मामांना आलेल्या-गेलेल्याला गंध लावायच्या कामावर नेमलं. तेही ते हळूच लावायचे.

आम्ही सगळे हसायचो. पण गेल्या वर्षी मामा एका ओवीवर असे अडकले की हसू येईना. सज्जनाच्या मनात कुणाविषयी आकस नसतो, अशा अर्थाची ती ओवी. आणि मामांच्या मनात होता, सख्ख्या भावाविषयी. धाकटे मामा घोडबंदर रोडला राहतात, आजी, म्हणजे मामांच्या आई, त्यांच्याकडे असायच्या. आजी गेल्या त्या दिवशी सकाळपासूनच त्यांचं काही खरं नव्हतं, पण धाकट्यांनी फोन केला तो दुपार उलटल्यावर. मामा आम्हाला घेऊन ट्रॅफिकमधून पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. "आईची शेवटची भेट चोरलीस तू माझी," असं सर्वांदेखत म्हणाले आणि बोलणं टाकलं ते टाकलंच. आता मामा रोज ती ओवी म्हणत, डोळे मिटत आणि पोथी मिटून उठत. "जमत नाही हो," एवढंच म्हणत. माणूस आतून सुकत चालला होता. त्यातच कळलं, धाकटे मामा इथलं घर बंद करून कायमचे मुलाकडे बंगळुरूला निघालेत.

त्या रविवारी मामांचा फोन आला. "जावईबापू, गाडी काढा. बाळ्याकडे जायचंय." त्यांचा विचार बदलायच्या आत मी त्यांना गाडीत घातलं. शीळफाट्याला नेहमीसारखे अडकलो आणि मामांचा धीर सुटला. "परत फिरा. माझं मन साफ नाही, उगाच तोंडदेखलं नको." पण पुढे ट्रेलर, मागे टँकर. गाडी वळवायला जागा असती, तर या घराण्यातलं भांडण आणखी दहा वर्षं सहज टिकलं असतं.

दार धाकट्या मामांनीच उघडलं. आत खोक्यांचे ढीग. "ये दादा," एवढंच म्हणाले. मामा खोक्यांमधल्या खुर्चीवर टेकले आणि पाणीसुद्धा न घेता विचारते झाले, "सकाळीच फोन का नाही केलास रे?"

धाकटे मामा बराच वेळ चादरीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तू विचारलं असतंस, आई कशी आहे. मला ते तोंडानं बोलायचं नव्हतं. फोन घेत होतो, ठेवत होतो. तिचे पाय गार पडायला लागले होते रे. ते चोळत बसलो."

मामांनी डोळे मिटले, पोथीपुढे मिटतात तसेच. समोर आणून ठेवलेल्या चहावर साय धरली.

"किती वेळ चोळत होतास?"

"तू येईपर्यंत."

मला आठवलं, त्या दिवशी आम्ही आत शिरलो तेव्हा धाकटे मामा खरंच आजींच्या पायांशी बसलेले होते. आजी जाऊन तेव्हा तास उलटून गेला होता. मामाही तेच आठवत असावेत. ते उठले, खोकी ओलांडून भावाजवळ गेले आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून नुसते उभे राहिले. सत्तरी उलटलेली दोन म्हातारी पोरं ढसाढसा रडली आणि मी उगाचच गॅलरीत जाऊन खालची वाहनं बघत बसलो.

परतताना वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "सुटलात मामा. उद्यापासून पुढची ओवी."

त्यांना ते ऐकूच आलं नसावं. काचेबाहेर बघत ते म्हणाले, "एकटा होता हो तो दिवसभर. आणि मी येऊन त्याला काय बोललो!"