रिकाम्या खिशातला हात

वैशालीवर अन्याय झाला तो रविवारी, दुपारी सव्वाचारला, नेदरलँड्समधल्या झूटरमेरमध्ये, तिच्याच घरी. नाव बदललंय, बाकी काही नाही; तिला विचारूनच लिहितेय. नवऱ्याने तिच्या डोक्यावर बिडाचा तवा फेकला. नेम चुकला, भिंतीचा टवका उडाला. आम्ही सात पाहुणे होतो, सगळे मराठी. "लागलं नाही ना वहिनी? मग सोडा आता," असं म्हणून पोह्यांच्या बशा पुन्हा फिरल्या. पहिलं 'लागलं नाही ना' माझं होतं. आणि बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरते मीच!

त्याच संध्याकाळी युट्रेख्टला मेधाताईंकडे गेले. ताई विद्यापीठात इंग्लंडचा फौजदारी कायदा शिकवायच्या. ऐकून घेतलं आणि खुर्चीवरच्या आपल्या कोटाकडे बोट दाखवलं.

"चोर हो. घाल हात खिशात."

घातला. रिकामा.

"गुन्हा झाला?"

"कसा होईल? काही मिळालंच नाही."

"अगं बये, चोरायलाच हात घातलास ना? मग इंग्लंडमध्ये तो चोरीचा प्रयत्न, खिसा रिकामा असला तरी. याने तवा नुसता उचलला असता, तर ही तयारी की प्रयत्न यावर वकील भांडले असते. याने फेकला. इथल्या कायद्यातही प्रयत्न हा गुन्हाच. तुम्ही सगळे भिंत बघत बसलात... त्याचा हात बघा!"

लगेच वैशालीला फोन लावला. ती घाबरलेली, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर. "गुरुवारी दहाला पोलीस स्टेशनवर ये," ताई म्हणाल्या, "मी शेजारी बसते. थालीपीठ आणेन, तिथे वेळ लागतो."

बुधवारी ताई गेल्या. एनस्खेडेला व्याख्यानाला निघाल्या होत्या, रेल्वे स्टेशनच्या सायकलतळावरच कोसळल्या. हृदयविकार. गुरुवारी वैशाली पोलीस स्टेशनच्या दारातून परत फिरली. मी रडत बसले होते... तिला फोन करायचंही सुचलं नाही.

याला पाच आठवडे झाले. ताईंच्या बहिणीने तो कोट मला दिला. चालताना हात आपोआप त्या खिशात जातो आणि चैन पडत नाही. परवा वैशाली म्हणाली, "सगळे म्हणतात, आम्ही नीट पाहिलंच नाही. माझं कोण ऐकणार?"

मी पाहिलं. आणि काय बोलले तेही लिहून काढलंय. येत्या गुरुवारी तोच कोट घालून, थालीपीठ घेऊन मी तिच्या शेजारी बसणार आहे. त्या खोलीतले तुम्ही बाकीचे सहा जण ही पुरवणी वाचता, मला माहीत आहे. दहाला या. जे पाहिलंत ते सांगा, आणि जबाबाखाली सही करा.