लांडग्याला माफी आणि आमच्या सोनलचं उत्तर

वाचनवेड्या मैत्रिणींनो, आजची दुपार तुम्हाला सांगायलाच हवी.

माझी नणंद सोनल आणि मी मोबाइलवर लांडगामानवांची एक प्रेमकथा वाचली. नायक कळपाचा म्होरक्या. चंद्रदेवीनं नेमून दिलेल्या जोडीदारणीला तो सगळ्यांसमोर नाकारतो. तो प्रसंग इतका खरा उतरलाय की सोनल रडली. गेल्या वर्षी कासुर्डीच्या एका मुलानं सुपारी फुटल्यावर तिलाही नाकारलं होतं.

मला खटकला तो शेवट. तो परत येऊन 'तू माझीच' म्हणतो आणि ही लगेच विरघळते! सोनलला मात्र तो फार आवडला.

आज कासुर्डीचं ते स्थळ आणणारे मामा खुटबावला आमच्या घरी आले. म्हणाले, "पोरगं आता तयार हाय."

सोनल हसली आणि चहा ठेवायला आत गेली. माझ्या मनात पाल चुकचुकली. ती कादंबरी हिच्या डोक्यात भिनली की काय?

चहा देताना तिनं विचारलं, "मामा, तवा मी नको होते. आता काय बदललं?"

मामा कपात बघत म्हणाले, "त्याचं दुसरीकडं जमलेलं मोडलं."

"मग त्यांना सांगा, मला पसंत न्हाई."

मामा गेल्यावर मी म्हणाले, "अगं, तुला तर तो शेवट आवडला होता!"

"वाचायला आवडला, वहिनी. नांदायला न्हाई."

परत आलेल्या नायकाला दारातूनच वाटेला लावणारी कादंबरी कुणी वाचलीय का? आम्हा दोघींना हवीय.