धक्क्याचा कोनसा आणि माझं स्वस्त रील

आमच्या गोव्यातल्या चोपड्याच्या जुन्या धक्क्यावर मासे कमी मिळतात आणि किस्से जास्त. मासा घरी नेला की दुपारच्या हुमणात संपतो. किस्सा मात्र नासत नाही, उलट दर रविवारी वीतभर वाढतो! माझ्याकडे आता इतके साठलेत की जुने उपसल्याशिवाय नव्यांना जागा नाही. तर ऐका.

आधी माणसं सांगते. मी पेडण्याला प्राथमिक शाळेत शिकवते. रविवारी सकाळी स्कूटरला काठी बांधून माहेरी, चोपड्याला, गरवायला जाते. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. ‘बायलमनीस आनी गरवंक?’ असं विचारणारे होते बरेच. आता तेच लोक माझ्याकडे मासे मागतात.

दुसरे दत्तारामभाऊ. डिचोलीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आणि आमच्या धक्क्याचे ते अध्यक्ष. निवडणूक कधी झाली ते कोणालाच आठवत नाही. तिसरा उल्हास, मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीच्या ट्रकांवर सुपरवायझर. आणि वर रस्त्याच्या कडेला, प्लास्टिकच्या खुर्चीत, माझे बाबा.

बाबा या धक्क्यावरच्या फेरीबोटीवर कामाला होते. पूल झाला, फेरी बंद झाली आणि धक्का आमच्यासारख्या गरवणाऱ्यांना उरला. धक्क्याच्या डाव्या टोकाला एक कोनसा, म्हणजे कोपरा, आहे. भरतीचं पाणी तिथे वळून मागे फिरतं आणि चोणक, खाडीतला सगळ्यात तगडा मासा, येतो तो तिथेच. बाबांनी जन्मभर त्या कोनशात उभं राहून चोणक काढले, तेही रीलशिवाय, म्हणजे काठीवरच्या दोरी गुंडाळायच्या चक्रीशिवाय! नायलॉनची दोरी, लाकडाचा तुकडा आणि हाताची बोटं, एवढंच सामान. आता त्यांचे गुडघे गेलेत. धक्क्याच्या शेवाळलेल्या उतरणीवर पाय ठेवायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. म्हणून ते वर बसून बघतात.

मला एकच हवं होतं. बाबा वर बसून बघतायत तोवर त्यांच्या कोनशात उभं राहायचं आणि माझ्या पगारात बसणाऱ्या रीलने एक चोणक काढायचा. फार मागत होते का मी? अध्यक्षांच्या मते, फार!

* * *

सगळं सुरू झालं उल्हासच्या हँडलवरून.

उल्हासने ऑनलाइन एक रील मागवलं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, बारा बेअरिंग! पत्रिकेत गुण जुळावेत तसा तो ते बारा बेअरिंग सगळ्यांना सांगत सुटला. त्या दिवशी कोनशात तोच उभा होता. मासा लागला, चांगला मोठा. उल्हासने दात-ओठ खाऊन हँडल फिरवलं आणि ते घडीचं हँडल मुळापासून मोडून त्याच्या मुठीत आलं!

मासा आडवा पळाला. भाऊंची दोरी, माझी दोरी, शेजारच्या होडीचा नांगर, सगळ्यांची त्याने वेणी घातली. उल्हास मूठ उंच धरून ओरडत होता, “मासो गेलो रे! पण हँडल माझ्या हातात आसा!”

“आणि बेअरिंगां?” वरून बाबांनी विचारलं.

ती वेणी सोडवता सोडवता भाऊंनी कायदा केला. “आयच्यान फुडें कोनशार सवाय रील चलना!” सवाय म्हणजे स्वस्त. भाऊंचं स्वतःचं रील परदेशातून आलेलं, भाच्याने पाठवलेलं, सोनेरी. म्हणजे कोनशात उभं कोण राहणार, हे वेगळं सांगायला नको.

“कोनसा तुमच्या दुकानाचा काय हो?” मी विचारलं.

भाऊ म्हणाले, “टीचर, नेम म्हळ्यार नेम.” मला नियम शिकवतात, मला! चाळीस पोरांचा वर्ग सांभाळते मी.

* * *

श्रावण लागला. श्रावणात भाऊ मासे खात नाहीत, धरतही नाहीत. पण रविवारी घरी बसवतही नाही. म्हणून त्यांनी तोड काढली. दुकानातला एक जाडजूड नट दोरीला बांधायचा आणि गळ न लावता नुसताच फेकायचा. सराव!

“भाऊ, हे पाप नाही का?” मी म्हटलं.

“पाप कशें? हांव नुस्तें धरना. हांव रील धरतां.” नुस्तें म्हणजे मासे.

आणि श्रावण असला तरी कोनसा सोडला नाही, बरं का! एका रविवारी त्यांनी नट फेकला, हळूहळू गुंडाळला, तर नटाला मिठी मारून एक भलीमोठी कुर्ली बाहेर आली. हिरवी, भरलेली, नांग्या अशा जाड! कुर्ली सोडेना आणि भाऊंना हात लावता येईना. शेवटी त्यांनी डोळे घट्ट मिटले, काठी माझ्या पिशवीवर धरली आणि म्हणाले, “टीचर, हांवें कांयच पळोवंक ना.” पाहिलंच नाही म्हणजे पाप नाही!

आमच्या घरी श्रावण फक्त सोमवारी पाळतात. कुर्ली झकास होती.

* * *

गणपतीची चवथ झाली आणि मी रील घ्यायला म्हापशाला गेले. उल्हासच्या हँडलने मला बरंच शिकवलं होतं. अंग धातूचं हवं. हँडल घडीचं नको, थेट आत पिळून बसणारं हवं. खारं पाणी आत जाता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचा ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक. मासा ओढायला लागला की दोरी किती घट्ट धरायची आणि किती सोडायची, ते तो ठरवतो. बेअरिंगांचं ओझं उल्हासने वाहावं.

दुकानदाराने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. “मिस्टर खंय?”

“मिस्टर मासे खातात, धरत नाहीत. रील दाखवा.”

त्याने आधी सगळ्यात महागाचं पुढे केलं. मी पर्समधून बाबांचा काजू तोलायचा स्प्रिंगचा काटा काढला, रीलच्या दोरीला अडकवला आणि त्याच्या गल्ल्यावरच ओढायला लागले. महागाचं रील अडत-अडत, गचके देत दोरी सोडत होतं. असा गचका म्हणजे दोरी तुटलीच! दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. खालच्या फळीवर धूळ खात एक काळं, जाडं, बिननक्षीचं रील होतं, महागड्याच्या पावपट किमतीचं. ते ओढलं आणि काटा एका जागी ठरला. दोरी अशी सरसर आली की मला तिथेच हसू फुटलं.

“मॅडम, तें सवाय आसा,” दुकानदार पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला.

“मग काय झालं? मीही साधीच आहे. बांधा!”

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. नवऱ्याचे पाने-पक्कड, विळी, कोयता, माझं लाल पेन. त्यात मी रील नेऊन ठेवलं.

सासूबाईंनी ते हातात घेऊन फिरवलं. “हें कितें गो? मिक्सर?”

“नाही हो, रील. मासे धरायचं.”

मला वाटलं आता बोलणी खाणार. त्या म्हणाल्या, “मगे हेची पुजा पयली!” आणि रीलवर हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वर पळीभर पंचामृत! दही, दूध, मध, साखर, सगळं माझ्या नव्या कोऱ्या रीलवर. मी ओरडेपर्यंत दुसरी पळीही झाली.

संध्याकाळी त्याला मुंग्यांची रांग लागली. मी रडकुंडीला येऊन ते नळाखाली धुतलं, स्क्रू काढून उघडलं. आत एक थेंब नाही! खारं पाणी आत जाणार नाही असं खोक्यावर लिहिलेलं होतं. पंचामृताबद्दल कोणी हमी दिली नव्हती, तरी गेलं नाही.

हे मी धक्क्यावर सांगितलं तर भाऊ म्हणाले, “नैवेद्याचें रील. कोनशार चलना.”

* * *

मग आला जानेवारी. भाऊंना कोणीतरी सांगितलं, खाऱ्या हवेत रीलला तेल-पाणी लागतं. भाऊंच्या दुकानात ग्रीसचे डबे रचलेले. पण सोनेरी रीलला ते दुकानातलं काळं ग्रीस कसं लावणार? त्यांनी घरच्या नारळांचं, घाण्यावर काढलेलं शुद्ध खोबरेल आणलं आणि रील उघडून आत सढळ हाताने ओतलं.

त्या रविवारी पहाटे चांगलीच थंडी होती. थंडीत खोबरेलाच्या बाटलीचं काय होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! भाऊंनी कोनशात उभं राहून ऐटीत काठी उचलली, हँडल धरलं. हँडल हलेना. दोन्ही हातांनी धरलं, तरी हलेना. उल्हासने पुढे होऊन रीलला कान लावला, जसा काही डॉक्टर.

“कितें जालें रे?” भाऊ कुजबुजले.

“थिजला,” उल्हास म्हणाला.

मग अध्यक्षांनी ते सोनेरी रील शर्टाच्या आत, काखेत घातलं आणि कोंबडीसारखे उन्हात बसून राहिले. नऊ वाजेपर्यंत! कोनसा रिकामा, भरती जोरात आणि नियम आडवा. मी कोनशाकडे पाहिलं, वर बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. मला ते फार लागलं. नियम पाळणारी मी बावळट, असं मी त्या दिवशी स्वतःला चक्क मोठ्याने म्हणाले.

* * *

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि सरळ कोनशात जाऊन उभी राहिले. काळं रील, जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, गळाला.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, “टीचर, नेम म्हळ्यार…”

“भाऊ, माझ्या बाबांनी इथे जन्म काढला. त्यांच्याकडे महागडं सोडा, स्वस्त रीलही नव्हतं. त्यांना हलवलं असतंत का?” मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. “मला हलवायचं तर उचलून न्या. उल्हास, तू पाय धर!”

उल्हास दोन पावलं मागे गेला. भाऊ तोंडातल्या तोंडात पुटपुटत उजवीकडे सरकले.

पाणी वळलं आणि सुंगट गेलं! काठी वाकली, रील किंचाळायला लागलं. चोणक पाण्याबाहेर उडाला आणि डोकं असं झटकलं की भाऊंच्या तोंडून “आवय गो!” निघालं.

“ओढ! ओढ!” उल्हास ओरडला.

“ओड, टीचर, ओड!” भाऊ नियम विसरले.

आणि वरून बाबांचा आवाज, फेरीबोटीवरचा, या काठावरून त्या काठाला जाणारा. “सोड गो! वचूं दी ताका!”

मी सोडलं. ड्रॅग एका सुरात दोरी देत राहिला, एक गचका नाही. चोणक पुलाच्या खांबाकडे निघाला. खांबाला दोरी घासली की खेळ संपला. तरी बाबा बोलेपर्यंत मी ओढलं नाही.

“आतां धर!”

धरलं. अंग धातूचं, हँडल पिळून बसवलेलं. कुरकुरसुद्धा नाही! मासा वळला. शेवटी दमून कडेला आला, तेव्हा रविवारच्या इस्त्रीच्या पँटसकट गुडघाभर पाण्यात उतरून त्याच्या कल्ल्यात हात घालणारा माणूस कोण? अध्यक्ष!

मी वर बघितलं. बाबा खुर्ची सोडून उभे होते, कसलाही आधार न घेता. मला रडू आलं. आलं तर आलं, लपवते कशाला!

भाऊ ओल्या पँटने माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “टीचर, ह्या रीलाचें नांव कितें?”

“हार्डवेअरच्या दुकानात नाही मिळत,” मी म्हटलं.

* * *

त्यानंतरच्या रविवारी मला उशीर झाला. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पडदे परत करायचे होते. पण घाई कशाला? कोनसा आता आपलाच! काठी खांद्यावर टाकून मी ऐटीत रस्त्यावरून आले आणि थबकले. बाबा नव्हते. खुर्चीही नव्हती.

धावत धक्क्याच्या टोकाला आले आणि खाली बघितलं.

खुर्ची कोनशात होती. बाबा खुर्चीत होते, बोटाभोवती नायलॉनची दोरी आणि मांडीवर तो लाकडाचा तुकडा. खुर्ची घसरू नये म्हणून दत्तारामभाऊंनी तिची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरलेली. उल्हास सुंगटांचा डबा घेऊन बाजूला उभा. ही खुर्ची त्या शेवाळावरून माणसासकट खाली कशी आली, ते दोघांच्या बरबटलेल्या पँटींवरून दिसतच होतं.

मी हळूहळू उतरले आणि बाबांच्या शेजारी पाय ठेवायला गेले.

बाबांनी मान वळवली नाही. त्यांची नजर पाण्यावर होती.

“सर फाटीं, बाय,” कोपराने मला मागे सारत ते म्हणाले. “कोनशार रील चलना!”