ऐन खुन्याच्या वेळेचा चहा

रहस्यपटातला खुनी आमच्या आईला कधीच माहीत नसायचा. कोण मेला, कुठे मेला, तोंडात काय होतं, सगळं पाठ. कोणी मारलं, तेवढं नाही. कारण पिक्चरमधला इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून "खुनी याच खोलीत आहे" म्हणाला रे म्हणाला, की बाबांना चहा लागायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली आई उठून आत जायची आणि स्टोच्या आवाजावर आवाज चढवून ओरडायची, "कोणी मारल्यान गो?" बाहेरून एका शब्दात उत्तर. झाला तिचा पिक्चर!

पावसात मासेमारी बंद. होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली, आणि बाबा नि काका घरात. जाळी विणून कंटाळले की भाड्याची सीडी आणायची. दर्याला सुट्टी, होडीला सुट्टी, बाप्यांना सुट्टी. चुलीला कोणी दिली? उलट नारळी पौर्णिमेपर्यंत चहाच्या खेपा दुप्पट. मी तेव्हा ओरोसला कलेक्टर कचेरीसमोर बायकांच्या कष्टांवरची पत्रकं वाटत असे. तिथले साहेब ती घडी घालून खिशात तरी ठेवत. आमच्या घरात त्यांत सुके बांगडे बांधत.

त्या रविवारी मी ठरवलंच. सीडी मी आणली. खुनाचीच, पण हसवणारी. एक लठ्ठ शेठजी जेवणाच्या टेबलावर श्रीखंडाची वाटी हातात धरून मेलेला, आणि शिट्टी कुठे ठेवली तेच विसरणारा इन्स्पेक्टर. आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "माका तो पोलीसच वायट दिसता," म्हणाली. मग इन्स्पेक्टरने सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं.

"वायच चाय ठेव गो," बाबा.

आई उठायला लागली. मी तिचा पदर धरला. "आये, बस. बाबा, चाय पिच्चर संपल्यार."

"इली बघा मोर्चेवाली!" काका म्हणाले. "आता चुलीर मोर्चो काढतली."

"काढतलंय. तुमी या झेंडो धरूक."

काका हसले. बाबा नाही हसले. बाबांनी हा पिक्चर कुणकेश्वरला मेहुण्याकडे आधीच बघितला होता, हे आम्हाला कुठे ठाऊक! ते शांतपणे म्हणाले, "ती आत्या आसा ना, विणकाम करता ती? तिनाच मारल्यान. कळला? आता उठ, चाय टाक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका कप चहासाठी! जन्मात पहिल्यांदा खुनी बघायला बसलेल्या बाईसमोर!

आई जागची हलली नाही. "कळला," ती म्हणाली. "पण ती म्हातारी, तो एवढो दांडगो. मारल्यान कशी, ता माका बघूचा आसा."

बाबा पाय आपटत आत गेले. इकडे आत्या सुया खाली ठेवून म्हणाली, "होय, मीच—"

"साकर खंय आसा?" आतून बाबा.

वाक्य गेलं. मी रिमोट घेतला, सीडी मागे नेली. आत्याने पुन्हा सुया ठेवल्या. "होय, मीच—"

"गो, गाळणी खंय?"

तीस वर्षं त्या घरात राहून माणसाला स्वतःच्या घरातली गाळणी माहीत नाही! पुन्हा मागे. "थयच आसा, बघा," आई म्हणाली, पण मान वळवली नाही. तिसऱ्या खेपेला आत्या सगळं बोलली: श्रीखंड, जायफळ, त्यात मिसळलेलं औषध. आईने ऐकून घेतलं.

"ह्या?" ती म्हणाली. "ह्येच्यासाठी मी इतकी वर्सा आतून बोंबलतंय?"

बाबांचा चहा आला. नुसतं गोड पाणी. काकांनी फुरका मारून "बरी झाली रे!" म्हटलं, आणि पुढे कितीतरी दिवस वाडीत एकच गजाल: ह्यांच्याकडे बाप्यान चाय केल्यान. विहिरीवर, दुकानात, देवळात. बायकासुद्धा कौतुकाने सांगत. आईने आजवर केलेल्या चहाची गजाल कोणी केली? एकाने तरी? मी ज्याला त्याला हे विचारलं, आणि लोक माझ्याकडे शेठजीला मीच मारल्यासारखं बघत.

पुढच्या रविवारी मी दुसरा खून आणला. सीडी घालायच्या आधीच बाबांनी विचारलं, "आज चाय कोण करतलो?"

मी सीडी आत सरकवली. आई उंबरा सोडून टीव्हीच्या अगदी समोर, पाय पसरून बसली होती.