तापलेलं घंगाळ

मासोळी पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागली, की आजही माझं डोकं फिरतं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वैशाखात साखऱ्याकडच्या आमच्या गावात उलट्या-जुलाबानं लेकरं दगावली आणि बोट माझ्या बापाकडं वळलं. का, तर विहिरीतला गाळ त्यानं काढला होता, आणि त्याआधी मोटेच्या पाळीवरून पाटलाशी त्याची हमरीतुमरी झाली होती. "यानंच पाण्यात कायतरी कालवलं," पाटील म्हणाला. शहाण्यासुरत्या माणसांनी माना डोलावल्या.

आमच्याकडं पाण्याचा संशय आला की त्यात मासोळ्या सोडून बघायची रीत होती. त्या जगल्या तर पाणी चांगलं. पितळी घंगाळात विहिरीचं थोडं पाणी घेतलं, नदीच्या डोहातल्या मासोळ्या आणून सोडल्या आणि घंगाळ पारावर ठेवलं. बापाला शेजारच्या लिंबाला बांधलं. मासोळ्या मेल्या तर त्याला मारायचं, हे उघड बोलून झालं होतं.

सकाळी तिथं सावली होती. ती सरकली, घंगाळ उन्हात आलं, तरी ते हलवायची अक्कल एकालाही सुचली नाही. मी तेव्हा लग्नाजोगती पोरगी होते. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडायला लागल्या तशी मी पुढं झाले. घंगाळाला हात लावला तर चटका बसला.

"आवो, घंगाळ तापलंय! सावलीत घ्या!" मी ओरडले. "भर उन्हात डोहातल्याबी अशाच वर येतात. त्यात थंड पाणी ओता!"

"बापाची कड घेऊन राहिली व्हय?" म्हणत पाटलाच्या भावानं माझे केस धरून मला फरफटत बाजूला नेलं.

पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. वाचून काय चुलीत घालायचं होतं?

पहिली मासोळी उताणी झाली आणि पहिली काठी पडली. मग कोण मारतंय ते दिसेनासं झालं. ज्यांच्या घरी बाप लग्नाकार्यात राबला, ते सगळ्यांत पुढं होते. त्याचा हात कोपराजवळ मोडला, तो आवाज मी ऐकला. डोक्यातून निघालेलं रक्त डोळ्यांत उतरत होतं.

तेवढ्यात माझी माय गर्दीत घुसली. कुणाला कळायच्या आत तिनं मेलेल्या मासोळ्यांसकट घंगाळ उचललं आणि त्यातलं पाणी घटाघटा प्यायली.

"आता मी मरते का बघा," ती म्हणाली. "न्हाई मेले तर सोडा त्याला."

काठ्या थांबल्या. गाव खाली बसलं, मायकडं बघत. बाप दोरीला लोंबत "पाणी, पाणी" करत होता. मी विहिरीवरून तांब्या भरून आणला, तर तो हिसकावून ओतून टाकला. "आधी हिचं काय होतंय ते बघू," म्हणाले. हलकट मेले! एका बाईच्या मरणाची वाट बघत बसले आणि त्यालाच न्याय म्हणाले.

ऊन उतरलं. मायला ना उलटी झाली, ना पोटात कळ आली. तेव्हा कुठं पाटलानं दोर सोडवला, तांब्या भरून मागवला आणि स्वतःच्या हातानं बापाच्या तोंडाला लावला.

"पी, पी. पाणी चांगलं हाय," तो म्हणत होता. सगळं पाणी गालावरून ओघळून मातीत गेलं. बाप केव्हाच गेला होता.